टंचाईच्या प्रयोगाला कोणतं शेवाळ घ्याल: क्लोरेला, अ‍ॅनाबिना की डायटम?

पाण्यातली अन्नद्रव्यं संपली की सूक्ष्म शेवाळ काय करतं, हा विषय टीवायच्या किंवा एमएस्सीच्या प्रोजेक्टला घेताय ना? मग आधी शेवाळ ठरवा. हाताशी महिनाभर वेळ आणि कॉलेजचं साधं मायक्रोस्कोप आहे, असं धरून लिहिते.

माहीमच्या खाडीचं किंवा पवई तलावाचं पाणी आणून हा प्रयोग होणार नाही. सांडपाण्यामुळे तिथे नायट्रोजन-फॉस्फरसची रेलचेल आहे. पवईतली जलपर्णी त्यावरच पोसते. टंचाई चंबूतच घडवावी लागते. बीजी-११ या नेहमीच्या माध्यमात (शेवाळ वाढवायच्या क्षारांच्या द्रावणात) लिटरला १.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट असतं, ते वगळायचं. पेशीही नायट्रेट नसलेल्या माध्यमात दोन-तीनदा धुऊन घ्या. माझा एक अख्खा आठवडा या एका आळसात गेला होता: मागे राहिलेल्या नायट्रेटवर शेवाळ मजेत वाढत राहिलं.

क्लोरेला दणकट आहे, सहज मिळतं. नायट्रोजन तुटला की ते स्वतःचं हरितद्रव्य आणि प्रथिनं मोडून काही काळ भागवतं, म्हणून हिरवा चंबू काही दिवसांत पिवळट होतो. विभाजन थांबतं, पण प्रकाशसंश्लेषण लगेच बंद पडत नाही. जमा झालेला कार्बन पिष्ट आणि तेलाच्या रूपात साठतो. आलेख छान येतात. मात्र नुसत्या गढूळपणावर विसंबू नका. पेशींची संख्या तीच राहूनही त्या साठ्याने जड होतात आणि गढूळपणाचा आकडा चढतो, म्हणून हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या, चौकटी आखलेल्या काचपट्टीवर) पेशी मोजाच.

अ‍ॅनाबिना हे नीलहरित शेवाळ, खरं तर जिवाणूच. इथे पेशी मण्यांच्या माळेसारख्या जोडलेल्या असतात आणि टंचाईला अख्खी माळ मिळून उत्तर देते. साधारण दर दहा-वीस पेशींमागे एक पेशी बदलते: भिंत जाड होते, रंग फिका पडतो, ऑक्सिजन सोडणारी यंत्रणा बंद होते. हीच हेटरोसिस्ट. हवेतला नायट्रोजन स्थिर करणारं, म्हणजे पेशीला वापरता येईल अशा रूपात आणणारं, नायट्रोजिनेज हे एन्झाइम ऑक्सिजनने निकामी होतं, त्यासाठी ही सगळी तटबंदी. शेजारच्या पेशी तिला साखर पुरवतात, ती त्यांना नायट्रोजन देते. ती पुन्हा कधीच विभागत नाही. एका पेशीने उरलेल्यांसाठी वाढ सोडून द्यावी, हे पहिल्यांदा काचपट्टीवर पाहिलं तेव्हा मी बराच वेळ जागची हलले नव्हते. आणि हे सगळं साधारण २४ तासांत घडतं! तोटा एवढाच की माळा गुंततात, त्यामुळे एकूण पेशी मोजणं किचकट होतं. त्याऐवजी शंभर पेशींमागे हेटरोसिस्ट किती, ते मोजा. माध्यमातलं मॉलिब्डेनम काढू नका, नायट्रोजिनेजला ते लागतं. लोहासाठी फेरिक अमोनियम सायट्रेटऐवजी साधं फेरिक सायट्रेट घाला, नाहीतर अमोनियमच्या रूपात नायट्रोजन मागच्या दाराने आत येतो.

डायटम म्हणजे सिलिकाचं (काचेच्या मूळ घटकाचं) कवच असलेली एकपेशी शेवाळं. दिसायला सर्वांत देखणे, पण महिन्याभरात नको. त्यांची खरी ओढ सिलिकाकडे: कवचासाठी सिलिका नसेल तर बहुतेकांचं विभाजनच अडतं. पण काचेच्या चंबूतून सिलिका पाण्यात उतरते, म्हणून सगळं प्लास्टिकमध्ये करावं लागतं. शिवाय खाऱ्या पाण्याचे डायटम घेतले तर माध्यमही वेगळं.

फॉस्फरसच्या टंचाईचा मोह होईल, तर तोही टाळा. शेवाळं पॉलिफॉस्फेटचा (फॉस्फेटच्या लांब साखळ्यांचा) साठा करून ठेवतात आणि तो पिढ्यान्‌पिढ्या वाटून खातात. परिणाम दिसेपर्यंत तुमची सबमिशनची तारीख येईल.

मार्गदर्शकांना आकडे आणि आलेखच हवे असतील तर क्लोरेला. निवड तुमच्या हातात असेल तर अ‍ॅनाबिनाच घ्या: एक चंबू नायट्रेटसह, एक नायट्रेटविना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्हींचा एकेक थेंब ४०० पट मोठा करून पाहा. नायट्रेटविना चंबूतल्या माळेत फिका, जाड भिंतीचा मणी शोधावा लागणार नाही.