चेंबर्सचा सबमिशन फॉर्म: बिझनेस डेव्हलपमेंटमध्ये (बीडी) शिरणाऱ्या एलएलबीवाल्याने आधी कोणती फाइल उघडावी

वकिलाने जाहिरात करायची नाही, हा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६. २००८ च्या दुरुस्तीनंतर वेबसाइट चालते, पण तिच्यावरही नाव-पत्ता, सनदेची नोंद, शिक्षण आणि कामाची क्षेत्रं एवढंच. म्हणून मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये बीडीच्या, म्हणजे फर्मचं काम वाढवणाऱ्या विभागाच्या, खुर्चीत बसलेल्या कायद्याच्या पदवीधराचे बरेच महिने 'चेंबर्स' आणि 'लीगल ५००' या लॉ फर्मना रँकिंग देणाऱ्या डिरेक्टऱ्यांच्या सबमिशनमध्ये, म्हणजे फर्मच्या कामांची माहिती भरून पाठवण्यात, जातात. त्यातला चेंबर्स आशिया-पॅसिफिकचा फॉर्म जास्त शिस्तीचा आणि नवख्याला जास्त शिकवणारा. ५ पैकी ४ गुण.

भरायला शुल्क नाही. निकाल लागल्यावर सजवलेलं प्रोफाइल विकत घ्यावं म्हणून फोन येतात, तो खर्च वेगळा. दर प्रॅक्टिस एरियाला स्वतंत्र फॉर्म आणि स्वतंत्र डेडलाइन असते, त्यामुळे कॅलेंडर आधी मांडून ठेवावं.

वर्ड फाइलचे ए ते ई असे पाच भाग. 'डी'मध्ये छापता येणारी कामं, 'ई'मध्ये गोपनीय. दोन्ही मिळून जास्तीत जास्त २०. एलएलबीचा खरा उपयोग इथे. असोसिएटकडून (फर्मच्या कनिष्ठ वकिलाकडून) येणारा मजकूर साधारण असा: "एका आघाडीच्या कंपनीला महत्त्वाच्या कर्जव्यवहारात सल्ला दिला." हे वाचून चेंबर्सच्या संशोधकाला काहीच कळत नाही. तेच असं लिहावं: "कर्जाचं तारण तीन राज्यांतल्या जमिनींवर. प्रत्येक राज्याचं मुद्रांक शुल्क वेगळं, म्हणून गहाणखताची रचना बदलली. बँकांच्या बाजूने काम पाहिलं." रक्कम, कोणाच्या बाजूने, अडचण कुठे होती, पार्टनर कोण, सध्या स्थिती काय, एवढं आलं की नोंद उभी राहते. मुद्रांकाचा तिढा कळायला कायदा यावा लागतो. नुसत्या मार्केटिंगवाल्याला तो प्रश्न असोसिएटला विचारायचाही सुचत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'ई'चं काम 'डी'त जाणं. जाहीर न झालेल्या डीलमधलं क्लायंटचं नाव छापलं गेलं तर रँकिंग राहिलं बाजूला, क्लायंटच जातो. फाइल पाठवण्याआधी प्रत्येक नोंदीवर त्या पार्टनरचा लेखी होकार घ्यावा. तोंडी "चालेल रे" धरू नये.

आता फॉर्मपेक्षा जड असलेली गोष्ट: रेफरींची, म्हणजे फर्मच्या कामाबद्दल मत देणाऱ्या क्लायंटच्या माणसांची, एक्सेल शीट. जास्तीत जास्त २० नावं, आणि संशोधक त्यांना फर्मबद्दल विचारतात. पार्टनर हौसेने एमडी, चेअरमन अशी नावं देतात. ती मंडळी ईमेल उघडत नाहीत. रोज फोनवर असणारा कंपनीचा इन-हाउस वकील द्यावा, तो दोन ओळी तरी लिहितो. पत्ता जुन्या नोकरीतला निघाला की ते नाव वाया. एकच माणूस बँकिंग, लवाद आणि कॉर्पोरेट अशा तिन्ही टीमनी दिला तर तो वैतागून कोणालाच उत्तर देत नाही. म्हणून सगळ्या टीमची मिळून एकच मास्टर शीट ठेवावी. प्रत्येकाला आधी कळवावं, स्पॅम फोल्डर बघायलाही सांगावं. लीगल ५०० मध्ये रेफरींच्या संख्येला मर्यादा नाही, पण म्हणून तिथे भरताड करू नये.

एक गुण कापला तो 'सी' भागासाठी. गेल्या वर्षीच्या रँकिंगवर मत द्या म्हणतात, आणि पार्टनर तिथे गाऱ्हाणी ओततात. "आम्हाला वरचा बँड हवा" (बँड म्हणजे रँकिंगमधली पायरी) यापेक्षा कुठली फर्म कुठल्या कामामुळे वर किंवा खाली असायला हवी हे लिहिलं तर ते वाचण्यालायक होतं. फॉर्मने तसं स्पष्ट विचारायला हवं होतं.

वेळ: डेडलाइनच्या सहा ते आठ आठवडे आधी कामांची यादी मागवावी, रेफरींचे होकार त्याच आठवड्यात सुरू करावेत. शेवटचे दहा दिवस फक्त पार्टनरच्या दुरुस्त्यांसाठी ठेवावेत, कारण त्या येतातच, आणि रात्री अकराला येतात.

सनद घेतलेल्यांनी एक बघावं: नियम ४९ प्रमाणे वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. बीडीची नोकरी पत्करताना राज्य बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करून घ्यावी, आणि ऑफर लेटरवर सही करण्याआधीच एचआरशी हे बोलून ठेवावं.