इन्व्हर्टरला लिथियम बॅटरी घ्यावी का? सांगलीत एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधी निर्णय सांगतो, कारणं मागून. आमच्या घराला १०० एएचची (ॲम्पिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) लिथियम बॅटरी परवडली. २०० ची परवडली नसती, आणि वीजबिल वाचावं म्हणून घेतली असती तर १०० चीही परवडली नसती. बॅटरीतली वीज कधीच स्वस्त पडत नाही. लाईट गेल्यावर घरात नेमकं काय चालू राहायला हवं आणि त्यासाठी तुम्ही किती मोजायला तयार आहात, एवढंच ठरवायचं असतं.

घर सांगलीच्या जुन्या गावभागात, तळमजला आणि वर दोन खोल्या. आईला दमा आहे, नेब्युलायझर कधी लागेल सांगता येत नाही. मी जीएसटी रिटर्नची कामं घरूनच करतो, मुलगी बारावीला. आधीची १५० एएचची ट्युब्युलर, म्हणजे नेहमीची शिसं-ॲसिडची बॅटरी, पाचव्या वर्षी संपली. चार्ज पूर्ण दाखवायची आणि तासाभरात मान टाकायची. तेव्हा बाजारात फिरलो. नवी ट्युब्युलर साडेपंधरा हजार, १२.८ व्होल्ट १०० एएचची लिथियम सव्वीस हजार. शिवाय जुन्या इन्व्हर्टरला लिथियमचं सेटिंग नव्हतं, म्हणून नवा साइन वेव्ह (घरच्या विजेसारखाच सुरळीत प्रवाह देणारा) इन्व्हर्टर सात हजारांचा. हा सात हजारांचा भाग दुकानात शेवटी सांगतात, तुम्ही आधी विचारा. 'तोच इन्व्हर्टर चालतो हो' असं मलाही एका ठिकाणी सांगितलं गेलं. चालतोही, पण ट्युब्युलरच्या सेटिंगवर चार्जिंगचा व्होल्टेज लिथियमला नको तितका वर जाऊ शकतो, मग बॅटरीतली बीएमएस, म्हणजे तिला जपणारं सर्किट, सारखी मध्ये पडते.

आता एएचबद्दल, कारण सगळ्यांची गल्लत इथे होते. १२.८ गुणिले १०० म्हणजे १,२८० वॅट-अवर. त्यातले नव्वद टक्के वापरता येतात, इन्व्हर्टरमध्ये पंधराएक टक्के जातात, हातात साधारण एक युनिट, म्हणजे १,००० वॅट-अवर, येतं. १५० च्या ट्युब्युलरमध्ये कागदावर १,८०० वॅट-अवर आहेत. पण ते दीडशे एएच बहुतेक वेळा वीस तासांत हळूहळू काढले तर मिळणारे असतात. तीन पंखे आणि टीव्ही एकदम लावले की आकडा बराच खाली येतो, आणि वरचेवर निम्म्याच्या खाली उतरवली तर आयुष्य घटतं. त्यामुळे १०० आणि १५० शेजारी ठेवून 'कमी एएचला जास्त पैसे' असा हिशेब करू नका. वापरात दोन्ही बऱ्याच जवळ येतात.

बॅकअप वाढवायचा खरा उपाय मात्र छताला टांगलेला आहे. साधा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तीसच्या आसपास. आमच्याकडे लाईट गेल्यावर तीन पंखे, तीन-चार एलईडी आणि राउटर चालतात. साध्या पंख्यांवर हा लोड २७० वॅटच्या आसपास होता, म्हणजे पावणेचार तास. पंखे बदलल्यावर १३५ वर आला, तेवढीच बॅटरी सात तासांच्या वर जाते. तीन पंख्यांना नऊ हजारांच्या आत खर्च आला आणि ते रोजचं बिलही कमी करतात. दुसरी बॅटरी जोडली असती तर सव्वीस हजार गेले असते आणि बिलात एक पैसा वाचला नसता. कोणी मला फक्त एकच गोष्ट विचारली तर मी हीच सांगेन: बॅटरी मोठी करायच्या आधी पंखे बदला.

या बॅटरीचा खरा कस लागला तो वळवाच्या दिवसांत. दुपारभर उकाडा, संध्याकाळी वावटळ, मग फांदी तारेवर पडते, फीडर (भागाला वीज पुरवणारी लाईन) ट्रिप होतो. लाईट एकदा जाऊन राहत नाही, रात्रभर येजा करते. ट्युब्युलर पूर्ण भरायला दहा-बारा तास लागायचे, त्यामुळे रात्रीच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला ती अर्धीमुर्धीच असायची. लिथियम पाचएक तासांत भरते. मध्ये दोन तास लाईट आली तरी पुढच्या खेपेची बरीचशी सोय होते.

अशाच एका रात्री आईला धाप लागली. नेब्युलायझर लावला आणि दोन-तीन मिनिटांत लाईट गेली. इन्व्हर्टरचा रिले 'टक्' वाजला, पंखा क्षणभर मंदावला, मशीनची घरघर तशीच चालू राहिली. आईने मास्क हलवलासुद्धा नाही. फार पूर्वी आमच्याकडे स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर होता, त्यावर हेच मशीन वेगळ्याच आवाजात गुरगुरायचं आणि हाताला गरम लागायचं. नेब्युलायझर दीडशे वॅट घेतो खरा, पण दहाच मिनिटं. म्हणजे २५ वॅट-अवर, बॅटरीचा जेमतेम अडीच टक्के. त्या दहा मिनिटांसाठी मी सव्वीस हजार पुन्हा देईन. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर मात्र हिशेब पार बदलतो. पाच लिटरचं मशीन सलग तीनशे-साडेतीनशे वॅट ओढतं, एवढी बॅटरी त्याला तीन तास पुरेल. तिथे डॉक्टरांशी बोलून भरलेला सिलिंडर घरात हवाच, बॅटरीच्या भरवशावर राहू नका.

पावसाळ्याचं गणित सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. कोयनेतून विसर्ग वाढला की घरोघरी एकच प्रश्न, आयर्विन पुलाला किती झालं? कृष्णेवरच्या या पुलाजवळ ४० फूट पाणी म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ लाही घरं बुडाली. जुनी ट्युब्युलर ॲसिडसकट साठ किलोच्या घरात होती. ती अरुंद जिन्याने वर न्यायची म्हणजे दोन धडधाकट माणसं हवीत, शिवाय ॲसिड हिंदकळण्याची भीती. पूर येतो तेव्हा प्रत्येक घरातली दोन माणसं स्वतःचंच सामान हलवत असतात, मदतीला हाक कोणाला मारणार? लिथियम तेरा किलोची आहे. यंदा पाणी वाढल्याच्या बातम्या आल्या तेव्हा मुलीने मेन स्विच आणि इन्व्हर्टर बंद केला, आधी निगेटिव्हची वायर सोडवली आणि बॅटरी एकटीने वरच्या खोलीत नेऊन ठेवली. सांगलीत, विशेषतः नदीकडच्या भागात, वजनातल्या या फरकाला मी सगळ्यात जास्त गुण देतो. पाण्यात बुडालेली लिथियम वाळवून पुन्हा जोडायची नसते, हेही लक्षात ठेवा.

पण पुराची बॅटरी म्हणून हिच्याकडे बघू नका. पाणी डीपीपर्यंत (रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत) चढलं की वीज बंदच करावी लागते आणि ती काही दिवस येत नाही. दोन एलईडी, मोबाइल चार्जिंग आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा पंधराएक वॅटचा खर्च धरला तर एक दिवस-रात्र निघते. त्यापुढे नाही.

न आवडलेली गोष्ट: चार्ज किती उरलाय ते नीट कळत नाही. या बॅटरीचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत एकसारखा राहतो आणि इन्व्हर्टर व्होल्टेजवरूनच पट्ट्या दाखवतो. तीन पट्ट्या दिसत असतानाही थोड्या वेळात सगळं बंद होऊ शकतं. ट्युब्युलर उतरू लागली की इशारा मिळायचा, इथे बीएमएस थेट तोडते. ब्लूटूथवर टक्केवारी दिसणारी बॅटरी थोडे जास्त पैसे देऊन मिळत असेल तर तीच घ्या. उलट डिस्टिल्ड वॉटर आणि टर्मिनलवरची पांढरी बुरशी, ही कटकट पूर्ण संपली.

वर्षाचा हिशेब असा. ट्युब्युलरचे शेवटी शिशाच्या भावाने साडेचार हजार परत येतात, म्हणजे अकरा हजार, चार-पाच वर्षं. वर्षाला अडीच हजार धरा. लिथियमला आमच्याकडचे भंगारवाले अजून भाव देत नाहीत. वॉरंटी पाच वर्षांची, आठ चालली तर वर्षाला सव्वातीन हजार, पाचव्या वर्षीच गेली तर बावन्नशे. 'तीन हजार सायकल' (एकदा भरून उतरवली की एक सायकल) या जाहिरातीने भुलू नका. बॅकअपच्या घरात बॅटरी महिन्यातून मोजक्याच वेळा पूर्ण उतरते, तीन हजार सायकल व्हायच्या आधी ती वयानेच म्हातारी होईल. तो आकडा रोज सोलरवर चालवणाऱ्याच्या कामाचा.

स्मार्ट मीटरवर दिवसा ९ ते ५ मध्ये युनिटला रुपयापर्यंत सवलत मिळते, तेव्हा बॅटरी भरून रात्री वापरा, असंही सुचवतात. एका युनिटमागे रोज एक रुपया, वर्षाला ३६५. सव्वीस हजार वसूल व्हायला सत्तर वर्षं लागतील.

ज्यांनी सूर्यघर योजनेत छतावर पॅनेल बसवलीत त्यांनी एक तपासा. साधी ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे बॅटरीशिवाय थेट वीज लाईनला जोडलेली, लाईट गेली की तीही बंद होते, भर उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती तशीच बनवलेली असते. बॅकअप हवा तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर मिळतं, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये, बॅटरीचा खर्च वेगळा धरा.

तुमच्या फीडरवर लाईट क्वचितच जात असेल, घर पूररेषेच्या बाहेर असेल, घरात आजारी माणूस नसेल, तर साधी ट्युब्युलर घ्या किंवा राउटरपुरता छोटा यूपीएस. आमच्या मिरजेच्या बहिणीला मी तेच सांगितलं. तिने दीड हजारांत काम भागवलं आणि उरलेल्या पैशांत सासूबाईंच्या खोलीतला पंखा बदलला.