गावरान तूर की बीडीएन-७११?

सोयाबीनच्या पट्ट्यात कोणती तूर टाकायची, हा विषय मृगाच्या तोंडावर आमच्या निलंग्याकडं (जि. लातूर) दरसाल निघतो. गावरान आणि ७११, दोन्ही पेरल्यात, म्हणून लिहितो.

बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राची ७११ ही सुधारित जात चांगलीच आहे. मर (उभं झाड वाळतं) आणि वांझ (झाडाला फूल-शेंग धरत नाही) या रोगांत टिकते, १५०-१६० दिवसांत रान मोकळं करते, शेंगा एकदम वाळतात म्हणून मशीन लावता येतं. हलक्या रानात गावरान लांबते आणि ओल संपली की दाणा बारीक पडतो. मजुरांची अडचण असेल तर ७११ च बरी.

माझं मन फिरलं ते फुलोऱ्याला. ७११ चं सगळं रान जवळपास एकदमच पिवळं होतं. नेमकं तेव्हाच आभाळ आलं, धुई पडली, की तासातासात, म्हणजे ओळीओळीत, फुलांचा सडा. उरलेल्या कळ्यांत अळी. झाडं सगळी एका वयाची, त्यामुळं फटका सगळ्यांनाच. औषध मारून झालं तरी ढग हटेपर्यंत जीव टांगणीला, तोही दरवर्षी. गावरानात एकाच तासात एक झाड शेंगेवर, दुसरं फुलात, तिसरं अजून कळीत. पहिला बहर गेला तरी मागचा हाती लागतो. वजनकाट्याचा हिशेब माझ्याकडं नाही, पण गावरानानं मला कधी रिकामं परत पाठवलं नाही.

मर तिलाही लागते. पण वाळलेल्या झाडांत एखादं हिरवंगार उभं असतं, आणि नवी जात काढणारे शास्त्रज्ञ असलीच झाडं शोधतात. मर रोगाला दाद न देणारी ‘मारुती’ (आयसीपी ८८६३) महाराष्ट्रातल्याच जुन्या वाणातून निवडलेली आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या जनुकपेढीत (बियाणं जपून ठेवायच्या जागी) तुरीचे १३ हजारांवर नमुने आहेत. ते थंड खोलीत जसेच्या तसे राहतात. बदलत्या पावसाबरोबर बदलतं ते शेतातलं बी.

चवीचं तर सांगायलाच नको. आमच्याच तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

मोठं रान ७११ ला द्यायचं तर द्या, पण एखादा तुकडा गावरानाला ठेवाच असं मला वाटतं. तो मात्र लांबचा हवा; मधमाश्या तुरीचे पराग इकडून तिकडं नेतात, शेजारी पेरलं तर काही वर्षांत बी भेसळतं. बियाच्या शेंगा मधल्या तासांतून, बऱ्याच झाडांवरून तोडा. नुसते टपोरे दाणे निवडू नका. लाल, पांढरे, ठिपक्यांचे, सगळे राहू द्या.