जुने फ्लॅश धडे: जुनं प्लगइन की रफल?

घाटंजीकडच्या एका गुरुजींनी विचारलं: गणिताचे जुने फ्लॅश धडे चालवायला जुना ब्राउझर आणि प्लगइन तसंच ठेवू, की रफल टाकू? (फ्लॅश म्हणजे ब्राउझरमध्ये हलती चित्रं, खेळ दाखवणारं ॲडोबीचं जुनं तंत्र; प्लगइन म्हणजे त्यासाठी ब्राउझरला जोडायचा भाग; आणि रफल म्हणजे त्या प्लगइनशिवाय तेच धडे चालवणारं सॉफ्टवेअर.)

आधी सुरक्षा. फ्लॅशचे अपडेट डिसेंबर २०२० मध्येच बंद झाले, म्हणजे राहिलेली भोकं कायमची उघडी. त्यातली बरीच मेमरी हाताळण्याच्या चुकांची. फसवं पान नुसतं उघडलं तरी परका कोड आपल्या संगणकावर चालायचा. त्यात जुन्या ब्राउझरची भोकं वेगळीच. रफल रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलंय, तिथं अशा चुका फार कमी होतात. शिवाय ब्राउझरमध्ये टाकलं, तर ते ब्राउझरच्या सुरक्षा-कुंपणातच चालतं.

पैसे दोन्हीकडे लागत नाहीत.

मेहनत मात्र प्लगइनलाच जास्त. शेवटच्या आवृत्त्या १२ जानेवारी २०२१ पासून धडे अडवतात, म्हणून लोक त्याहून जुनी आवृत्ती कुठल्याही साइटवरून उतरवतात. व्हायरस तिथूनच येतो! रफल एकदा उतरवा, पेन ड्राइव्हवर न्या. गावात रेंज नसली तरी चालतं. खोट एकच: ॲक्शनस्क्रिप्ट ३ (फ्लॅशची नंतरची प्रोग्रामिंग भाषा) वापरून केलेले काही धडे अडखळतात.

बहुतेक शाळांना रफलच बरं. एखादा धडा अडलाच, तर प्लगइन नेट तोडलेल्या वेगळ्या संगणकावर ठेवा. शालार्थ (शिक्षकांच्या पगाराची सरकारी साइट) उघडता त्या संगणकावर मुळीच नको.