भाड्याची मोबिलिटी स्कूटर घेऊन नांदूरमध्यमेश्वर: मुरमावर पास, काळ्या मातीत नापास

पोलिओमुळे लहानपणापासून व्हीलचेअरवर आहे, पक्षी बघायचं वेड जुनं आहे, म्हणून थंडीत नाशिकमधूनच चार चाकी मोबिलिटी स्कूटर, म्हणजे चालायला त्रास असणाऱ्यांसाठीची बॅटरीवरची छोटी गाडी, भाड्याने घेतली. दुकानाचं नाव टाकत नाही कारण पुढे तक्रार पण आहे. दुकानदार म्हणाला, "काका, बिनधास्त न्या, शेतातसुद्धा चालते." शेतात नेऊ नका.

आधी चांगलं सांगतो. लिथियम बॅटरी वेगळी निघते, सीट काढली की गाडीच्या डिक्कीत बसते, अर्थात ठेवायला दोन धडधाकट माणसं लागतात, माझ्याकडे बायको आणि भाचा होते. हँडलवरचा लिव्हर सोडला की जागच्या जागी ब्रेक लागतो, चढावर थांबलं तरी मागे घरंगळत नाही, साध्या व्हीलचेअरवर हे सुख कुठलं! फक्त मागच्या चाकाजवळ न्यूट्रलचा खटका असतो तो उतारावर कोणालाही हात लावू देऊ नका, तो ओढला की ब्रेक सुटतो.

आता वाट. नांदूरमध्यमेश्वर म्हणजे गोदावरी-कादवाच्या संगमावरचं पाणी, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा), थंडीत पक्ष्यांची नुसती जत्रा. दाबून बसलेला मुरूम असेल तिथे स्कूटर मस्त पळते, खड्डे चुकवत गेलं की झालं. पण काठाच्या वाटा एका बाजूला कललेल्या असतात आणि तिथे स्कूटर सारखी पाण्याकडे ओढते, अशा वेळी वेग एकदम कमी ठेवायचा. चढउतारासाठी मी फोनमधलं लेव्हल अ‍ॅप वापरतो. रॅम्पचा नियम १:१२ चा, म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांबी, फोनवर साधारण ५ डिग्री. एका बांधाजवळ ९ दिसले, तिथून मी परत फिरलो, भाचा म्हणत होता मामा जाईल की, पण उलटली तर उचलणार कोण?

आणि काळी माती! शेतात पाणी सोडलेलं, वाट ओली, पाच-सहा फुटांतच चाक आणि मडगार्डच्या मधे चिखल असा काही ठासून भरला की चाक फिरेचना. भाच्याने बाभळीच्या काटकीने उकरून काढला, बायको तोंड दाबून हसत होती.

निरीक्षण मनोऱ्यांना जिना आहे, त्यामुळे तिथे खालूनच दुर्बीण. पण जांभळ्या पाणकोंबड्या आणि वारकरी पक्षी काठावरूनही भरपूर दिसले. नाशिकच्या पांडवलेणीला मात्र ही स्कूटर नेऊन उपयोग नाही, लेणी डोंगरात वर आणि वाट सगळी पायऱ्यांची.

कुठेही जाण्याआधी फोन करून "व्हीलचेअर चालते का" एवढंच विचारू नका, सगळे हो म्हणतात. गाडी लावतात तिथपासून पाण्यापर्यंतचा व्हिडिओ मागवा, मधे कुठे पायरी आहे का, गेट किती रुंद आहे ते त्यात कळतं.

स्कूटरला ५ पैकी ३ स्टार. दुकानाला २, कारण चिखल धुण्याचे पैसे डिपॉझिटमधून कापले, आणि शेतात न्या म्हणणारा तोच.