एकच रीसेट की हवं तितकं रिवाइंड?

पाळीपाळीने खेळायच्या डावपेचांच्या गेमपैकी 'इन्टू द ब्रीच' (२०१८) घ्यावा की 'टॅक्टिकल ब्रीच विझर्ड्स' (२०२४), या पेचात असाल तर दोन्हींचे ट्रेलर तुम्ही पाहिलेच असतील. त्यामुळे ग्राफिक्सचं वगैरे सोडून देतो. मी दोन्ही मनापासून खेळलोय, आणि माझ्यापुरता प्रश्न एकच उरला: चूक झाली की गेम किती मागे जाऊ देतो?

दोन्हीकडे नेम लागेल की चुकेल याचा जुगार जवळजवळ नाही. शत्रू पुढे काय करणार ते आधीच कळतं. 'फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस' या अशाच दुसऱ्या गेममध्ये वेळ मागे नेताना मी बऱ्याचदा नशिबाशीच घासाघीस करत बसायचो. इथे चुकलं तर ते आपलंच.

'इन्टू द ब्रीच'मध्ये हल्ला करेपर्यंत आपल्या रोबोची हालचाल परत घेता येते. एकदा गोळी सुटली की संपलं. मग उरतो तो एक रीसेट, अख्ख्या लढाईत एकदाच. तोही एक चाल नाही, तिन्ही रोबोंची पूर्ण पाळी पुसून टाकतो. चुकून भलत्याच चौकोनावर क्लिक झालं आणि त्यापायी रीसेट गेला, की फार चिडचिड होते. हा दोष मी लपवणार नाही.

'विझर्ड्स'मध्ये चालू पाळीतलं काहीही, कितीही वेळा मागे घ्या. वर झॅन या पात्राच्या भविष्यदृष्टीमुळे पाळी संपवण्याआधीच तिचा परिणाम दिसतो. ऐकायला किती छान! पण माझं घोडं इथेच अडलं. एका रात्री दोन शत्रू खिडकीबाहेर ढकलले गेले, तिसरा दारात उरला. मागे गेलो. मग तिघेही गेले, पण माझ्या गटातल्या जेनला मार बसला. पुन्हा मागे. मार टळला, तर एक ऐच्छिक उद्दिष्ट राहून गेलं. त्या उद्दिष्टांच्या गुणांतून फक्त पात्रांचे पोशाख मिळतात, हे मला पक्कं माहीत होतं, तरी पुन्हा मागे. चहा कधीच गार झाला होता आणि मी अजून त्याच पाळीत. पाळी जिंकलेली होती हो, फक्त संपवायचा धीर होत नव्हता. याहून चांगली चाल असेलच, हा किडा एकदा डोक्यात शिरला की निघत नाही.

'वापरू नका ना मग रिवाइंड,' असं मित्र म्हणतो. बरोबरच आहे. पण समोर बटण असताना न दाबण्याइतका संयम माझ्यात नाही. माझे आजोबा बुद्धिबळाच्या एका डावात एकच चाल परत घेऊ द्यायचे, आणि ती राखून ठेवण्याच्या नादात मी निम्म्या चुका टाळायचो. 'इन्टू द ब्रीच'चा पटही ८ बाय ८चाच, आणि तिथला रीसेट मी तसाच जपतो. लढाई संपते तेव्हा बहुतेकदा तो न वापरता उरलेला असतो.

अर्थात हे माझ्या स्वभावाचं झालं. या प्रकारच्या गेममध्ये नवीन असाल, हसवणारे संवाद हवे असतील, किंवा 'करून बघू, फसलं तर फसलं' अशी वृत्ती असेल, तर 'विझर्ड्स' खुशाल घ्या. तिथे एकेक पाऊल मागे जात शिकता येतं, आणि शिकवण्याच्या बाबतीत तो जास्त दयाळू आहे. 'इन्टू द ब्रीच' पहिल्या काही तासांत शहरं पाडून दाखवतो, तुमची भीडभाड ठेवत नाही. पण ऑफिसहून आल्यावर तासभर खेळायचं आणि वेळेवर झोपायचं असेल, तर मी तरी तोच उघडतो.

अगदीच जीव घाबरत असेल तर त्यात आयझॅक जोन्स नावाचा पायलट आहे. तो सोबत असला की प्रत्येक लढाईत एक रीसेट जास्त मिळतो. मी त्याला घेत नाही. म्हणजे, दोनदा घेतला होता.