आरसीसीबी: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की लाइन तोडणारा स्विच, घरात घ्यावा का, याचं उत्तर आधीच देते: घ्यावा. पण घरातलं न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) कुठून कुठे गेलंय आणि अर्थिंग (गळती जमिनीत सोडणारी वाट) खरंच आहे की नुसती हिरवी वायर आहे, हे माहीत नसेल तर सुरुवातीला डोक्याला ताप होतो. त्याला कंटाळून लोक तो काढून टाकतात. आमच्याच गल्लीत एकाच्या डीबीत (स्विचच्या मुख्य पेटीत) तो आहे, पण वायरी त्याला वळसा घालून गेल्यात.

आमचं घर सोलापूरच्या साखर पेठेतलं, जुनं. पुढच्या खोलीत सासऱ्यांचे माग होते. माग गेले, त्यांच्या वायरी राहिल्या. नंतर कोणी लाकडी पट्टीवरून, कोणी पाइपातून, जमेल तसं वायरिंग वाढवत नेलं. आता त्या खोलीत मी शाळेचे युनिफॉर्म शिवते. शिलाई मशीनच्या मोटारी, इस्त्री आणि मार्चपासून पत्र्याचा कूलर. पारा 42 च्या वर गेल्यावर सोलापुरात कूलरशिवाय शिवायला बसून दाखवा! पत्रा, पाणी आणि वीज एकाच खोक्यात असतात, म्हणून फेब्रुवारीतच हे काम काढलं.

घेतला तो दोन पोलचा, 40 अँपिअरचा, 30 मिलिअँपिअर गळतीवर ट्रिप होणारा, म्हणजे लाइन तोडणारा. नवी पेठेत दोन हजारांच्या आसपास मिळाला. खोक्यावर आयएसआय मार्क आणि आयएस 12640 एवढं बघा. 100 आणि 300 मिलिअँपिअरचेही येतात आणि ‘हा कमी ट्रिप होतो’ म्हणून पुढेही केले जातात. माणसाच्या जिवासाठी घेताय ना, मग 30 चाच.

त्याचं काम एका ओळीत सांगता येतं. फेजमधून, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेतून, जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का, हे तो बघतो. आला नाही म्हणजे भिंतीतून, पत्र्यातून किंवा माणसातून गळतोय, मग 0.3 सेकंदाच्या आत दोन्ही तारा तुटतात. ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट हे त्याचं खातं नाही, त्यासाठी एमसीबी, म्हणजे करंट हद्दीबाहेर गेला की पडणारा खटका, लागतोच. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलं तर हा गप्प राहणार, कारण गेलेला करंट पुरता परत आलेला असतो.

‘एमसीबी आहे की, मग हे कशाला?’ असं सगळेच विचारतात. मीही वायरमन काकांना विचारलं होतं. त्यांनी कागदावर हिशोब करून दाखवला. समजा अर्थिंगच्या खड्ड्यातली माती वाळलीय आणि अर्थिंगचा रेझिस्टन्स 100 ओहम झालाय. कूलरच्या बॉडीला फेज चिकटला तर 230 भागिले 100, म्हणजे 2.3 अँपिअर जमिनीत जातील. 16 अँपिअरचा एमसीबी याकडे ढुंकूनही बघणार नाही आणि कूलरची बॉडी तशीच जिवंत राहील. आरसीसीबीला मात्र 0.03 अँपिअर पुरतात. हा कागद मी डीबीच्या दारावर आतून चिकटवून ठेवलाय.

बसवला त्याच संध्याकाळी मागच्या खोलीतली ट्यूब लावली की सगळं घर अंधारात. वायरमन काकांसोबत आलेला पोरगा लगेच म्हणाला, “ताई, काढून टाका की, उगं ताप कशाला.” काकांनी त्याला गप्प केलं आणि बोर्ड उघडला. ट्यूबला फेज नव्या डीबीतून मिळत होता, पण न्यूट्रल मागांच्या जुन्या लाइनवरून घेतलेलं होतं, आणि ती लाइन थेट मेन स्विचवरून यायची. करंट आरसीसीबीतून जायचा आणि बाहेरच्या वाटेने परत यायचा, म्हणजे त्याच्या लेखी गळती. आधीच्या कित्येक वर्षांत हे कळायचं कारणच नव्हतं, ट्यूब तर छान लागत होती. न्यूट्रल बदललं, मागांच्या जुन्या वायरी मेनपासून कायमच्या सोडवल्या, प्रश्न मिटला.

खरी गंमत एप्रिलच्या शेवटी. कूलरचं बटण बंद, तरी मशीन किंवा इस्त्री चालू केली की ट्रिप. इस्त्रीवर संशय घेऊन ती शेजारी नेऊन तपासली, ती ठणठणीत. मग एकेक थ्री-पिन उपसत गेलो. कूलरची पिन काढली आणि सगळं शांत झालं. बोर्डावरचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलंच राहतं. कूलरच्या आतलं न्यूट्रल पंपाच्या जोडापाशी ओल्या पत्र्याला टेकलं होतं, त्यामुळे इस्त्रीचा परतीचा करंट थोडा न्यूट्रलने आणि थोडा कूलरच्या अर्थिंगने जात होता. तेव्हापासून कूलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागवत नाही, पिन उपसते. सासूबाईंनाही तेच पटवलंय. आधी त्यांना तो फाजीलपणा वाटायचा.

यात अर्थिंगचा वाटा मोठा आहे. अर्थिंग नसेल तरी आरसीसीबी काम करतो, पण बॉडीला हात लागल्यावर. झटका बसतो आणि मग वीज तुटते. अर्थिंग असेल तर कोणी हात लावायच्या आधीच तुटते. आमचा अंगणातला अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा ठणठणीत होतो, त्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात जमिनीला बादलीभर पाणी पाजताना जीव कसा होतो, ते सोलापूरकरांना सांगायला नको. कपडे धुतलेलं पाणी चालतं.

अर्थिंग चांगलं आहे का हे साध्या मल्टिमीटरने कळेल, या भरवशावर राहू नका. फेज आणि अर्थिंगमध्ये तो 230 दाखवतो, अर्थिंग अगदी मरतुकडं असलं तरी दाखवतो, कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. त्यासाठी अर्थ टेस्टर लागतो आणि तो वायरमनकडे असतो. स्क्रू ड्रायव्हरच्या टेस्टरचंही तसंच. न्यूट्रल कुठे तुटलं असेल आणि लोड चालू असेल तर तो सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. मी आता टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावते, मग जिथे काम करायचं तिथे, मग पुन्हा चालू पॉइंटवर. मधेच टेस्टर मेलेला नको.

आता तक्रारी. इन्व्हर्टरवाल्यांनी हे नीट वाचा: आरसीसीबी ट्रिप झाला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली. तो पंखे-दिवे चालू ठेवतो आणि बॅटरी ओरडेपर्यंत आपल्याला पत्ता लागत नाही. शिवाय त्या वेळी इन्व्हर्टरच्या लाइनवर गळती झाली तर इन्व्हर्टरच्या आधी, मेनच्या बाजूला बसवलेला आरसीसीबी काही करू शकत नाही. म्हणून कूलर आणि इस्त्री त्या लाइनवर अजिबात नाही.

दुसरी तक्रार, सगळ्या घराला एकच घेतला. आमच्याकडे पाऊस खरा सप्टेंबरात. दाराबाहेरच्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी गेलं, आम्ही पंढरपूरला, आणि घरी फ्रिज बंद. परत येईपर्यंत दुधाचं जे व्हायचं ते झालं. होल्डर मी स्वतः बदलला, मेन बंद करून. होल्डर, बटण, थ्री-पिनची टोपी इथपर्यंतच माझी हद्द. डीबी, नवी लाइन, अर्थिंग ही परवानाधारकाची कामं, आणि मीटरचं सील महावितरणचं.

त्याच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबते, शिलाईचा हिशोब लिहिते त्या दिवशी, म्हणजे विसरत नाही. ते आतल्या आत खोटी गळती तयार करून बघतं. खटका पडला म्हणजे यंत्र चालू आहे, अर्थिंगची खात्री त्यातून मिळत नाही. बटण दाबूनही पडला नाही तर लगेच बदलायचा.

दिवाळीची शिलाई संपली की फ्रिजची लाइन वेगळी करून तिला स्वतंत्र आरसीबीओ लावणार आहे. त्यात एमसीबी आणि गळतीचं संरक्षण एकत्र येतं, म्हणजे बाहेरचा होल्डर भिजला तरी दूध टिकेल. डीबीत जागा उरली नाही, तेवढी एक छोटी पेटी वाढवावी लागेल.